षड्भाग, मधमाशी आणि तीस टक्के : श्लोकावरून धोरण ठरतं का?

मसुदा

या मंचावर योगक्षेम (इथे सगळेच टोपणनावाने लिहितात, तसा मी मसुदा) यांचं करावरचं टिपण वाचलं आणि गप्प बसवेना. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सार: मनूने राजाला मधमाशीसारखा थोडा थोडा कर घ्यायला सांगितलं आहे, षड्भाग म्हणजे सहावा हिस्सा ही शास्त्राने घातलेली कमाल मर्यादा आहे, म्हणून 16.67 टक्क्यांवरचा प्रत्येक रुपया अधर्माचा, म्हणून आयकरातला 30 टक्क्यांचा टप्पा रद्द व्हायला हवा.

टप्पा रद्द करा ही मागणी कुणीही करावी. माझं भांडण त्या दोन "म्हणून"शी आहे.

श्लोक मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातला 129 वा: यथाल्पाल्पमदन्त्याद्यं वार्योकोवत्सषट्पदाः. यात प्राणी तीन आहेत. वार्योकस् म्हणजे जळू, वत्स म्हणजे वासरू, षट्पद म्हणजे भुंगा किंवा मधमाशी. टिपणात फक्त शेवटचा उरला आहे. बाकीचे दोन का गाळले, ते लिहिलेलं नाही.

दर पुढच्याच श्लोकात आहेत: पञ्चाशद्भाग आदेयो राज्ञा पशुहिरण्ययोः, धान्यानामष्टमो भागः षष्ठो द्वादश एव वा. पशू आणि सोनं यांच्या वाढीवर पन्नासावा हिस्सा, धान्यावर आठवा, सहावा किंवा बारावा. म्हणजे सहावा हिस्सा ही सगळ्या उत्पन्नावरची मर्यादा नाही, धान्याच्या तीन दरांतला सर्वांत जड दर आहे. 131 आणि 132 मध्ये मध, तूप, औषधी, फळंमुळं, भाजीपाला, कातडी, मातीची भांडी यांवरही सहावाच. 133 मध्ये राजा मरायला टेकला तरी श्रोत्रियाकडून, म्हणजे वेद जाणणाऱ्या ब्राह्मणाकडून, कर घ्यायचा नाही. 138 मध्ये कारागिरांनी आणि अंगमेहनतीवर जगणाऱ्या शूद्रांनी महिन्यातून एक दिवस राजाचं काम करून द्यायचं, म्हणजे वेठ. आणि ज्याला ही "मर्यादा" वाटते त्याने दहाव्या अध्यायातला 118 वा श्लोक काढावा. आपत्काळी चौथा हिस्सा घेणारा राजा, प्रजेचं रक्षण करत असेल तर, पापातून सुटतो. चौथा म्हणजे 25 टक्के. आपत्काळ कोणता हे ठरवणारा राजाच.

आता आकडे मांडू. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न 10 लाख असेल तर रिबेटमुळे, म्हणजे करातल्या सवलतीमुळे, कर शून्य. षड्भाग लावला तर 1,66,667 रुपये. 24 लाखांवर आज टप्प्याटप्प्याने 3 लाख, 4 टक्के सेस (करावरचा उपकर) धरून 3,12,000, म्हणजे 13 टक्के. षड्भागाने 4 लाख. साधारण 30 लाखांपर्यंत षड्भाग आजच्या करापेक्षा महाग पडतो, त्यावर स्वस्त. म्हणजे ही शास्त्राज्ञा लागू केली तर 30 लाखांच्या आतले सगळे जास्त भरतील आणि त्यावरचे कमी. टिपणाखाली "अगदी खरं" म्हणणाऱ्यांनी आपलं उत्पन्न या गणितात घालून पाहावं.

शेवटचा मुद्दा शेतीचा. धान्याचा सहावा हिस्सा खळ्यावरच्या राशीतून जातो, नफ्यातून नाही. 12 क्विंटल पिकलं आणि 8 क्विंटलांचा खर्च झाला तर उरतात 4, त्यातले 2 राजाचे. निव्वळ मिळकतीचा निम्मा हिस्सा. आज शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. श्लोक आणायचाच असेल तर तो शेतकऱ्याच्या बांधावरही आणा.

योगक्षेम

माझ्यावर रोख धरलात म्हणून मीही सविस्तरच लिहितो.

तुम्ही 129 पासून सुरुवात केलीत. 127 कुठे गेला? क्रयविक्रयमध्वानं भक्तं च सपरिव्ययम्, योगक्षेमं च सम्प्रेक्ष्य वणिजो दापयेत्करान्. खरेदी काय भावाची, विक्री काय भावाची, माल किती लांबून आला, वाटेत खाण्यापिण्याचा आणि वरखर्च किती झाला, माल सुरक्षित आणायला काय लागलं, हे सगळं पाहून व्यापाऱ्यावर कर बसवावा. हा खर्च वजा जाता कर नाही तर काय? जळू गाळल्याबद्दल मला धारेवर धरता आणि स्वतः सबंध श्लोक गाळता.

धान्याच्या तीन दरांचंही तसंच. आठवा, सहावा की बारावा हे जमिनीचा कस आणि कसण्याचे कष्ट पाहून ठरवायचं, असं मनुस्मृतीचे भाष्यकार सांगतात. हलक्या जमिनीला बारावा. तुमचं 12 क्विंटलचं गणित सर्वांत जड दर सर्वांत नापीक रानाला लावतं.

आता मूळ मुद्दा. मला 16.67 हा आकडा आजच्या वित्त विधेयकात छापून हवा आहे, असं टिपणात कुठेही नाही. "अधर्म" हा शब्द मी तत्त्वासाठी वापरला. खुद्द 1 फेब्रुवारी 2022 च्या अर्थसंकल्पी भाषणात महाभारताच्या शांतिपर्वातला श्लोक आला: दापयित्वा करं धर्म्यं राष्ट्रं नित्यं यथाविधि, म्हणजे धर्माला धरून रीतीप्रमाणे कर घेऊन. तेव्हा कुणी धोरणाचा संबंध तोडायला धावलं नाही.

आणि तत्त्व किती कामाचं आहे ते सेसवरून पाहा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात, कोश रिकामा झाला की जादा वसुलीची मुभा आहे, पण अट घातली आहे: सकृदेव न द्विः प्रयोज्यः. एकदाच, दुसऱ्यांदा नाही. आपल्याकडे 2004 साली 2 टक्के शिक्षण सेस आला, 2007 मध्ये आणखी 1 टक्का, 2018 मध्ये आरोग्य धरून 4 टक्के. वीस वर्षांहून जास्त काळ झाला. शिवाय सेस आणि अधिभार राज्यांच्या वाट्यात धरत नाहीत, राज्यघटनेच्या अनुच्छेद 270 प्रमाणे ते पैसे बाजूला राहतात. जे कौटिल्याला कळलं ते आपल्याला कळत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

तळटीप

दोघेही आकडे आणि श्लोकांक देताय, याबद्दल आधी आभार. नुसतं "शास्त्रात म्हटलं आहे" लिहून मोकळे होणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. अध्याय नाही, आवृत्ती नाही, वरची ओळ नाही, खालची नाही.

पण योगक्षेम, कौटिल्य तुमच्या बाजूचा साक्षीदार होऊ शकत नाही. तुमचा दावा शास्त्राज्ञेचा आहे आणि अर्थशास्त्र हे धर्मशास्त्र नव्हे. दोघांत विरोध आला तर कोण वरचढ, हे याज्ञवल्क्याने आपल्या स्मृतीच्या व्यवहाराध्यायात सांगून ठेवलं आहे: अर्थशास्त्रात्तु बलवद्धर्मशास्त्रमिति स्थितिः, अर्थशास्त्रापेक्षा धर्मशास्त्र बलवान.

आणि तुम्ही दिलेलं तेच प्रकरण, 5.2, पुढे वाचा. कोश भरायचे उपाय काय काय आहेत? देवताध्यक्षाने देवळांचं धन गोळा करून आणावं. एका रात्रीत देवस्थान उभं करून यात्रा भरवावी आणि त्या उत्पन्नावर जगावं. विहिरीत अनेक फण्यांचा नाग दाखवून बघ्यांकडून पैसे घ्यावेत. "एकदाच" हे वाक्य या यादीच्या शेजारचं आहे. शेजारची वाक्यं सोडून एकच उचलायचं असेल, तर निवड तुम्ही केलीत, कौटिल्याने नाही. ती निवड कशाच्या जोरावर केलीत तेवढंच सांगा. तेच तुमचं खरं कारण आहे, आणि त्याला श्लोक लागत नाही.

सेसबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं. अनुच्छेद 270 चा मुद्दा तर एकट्याने उभा राहतो.

जुनी वाट

तळटीप, तुमचा शेवटचा परिच्छेद ऐकायला बरा आहे, पण या देशात कायदे कसे झाले ते विसरून लिहिलेला आहे. "कारण एकट्याने उभं राहतं" हे 1855 साली ईश्वरचंद्र विद्यासागरांना सांगून पाहायला हवं होतं. विधवांचे हाल सगळ्यांना दिसत होते. करुणेच्या आवाहनाने एक पान हललं नाही. हललं ते पराशरस्मृतीतल्या श्लोकाने:

नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ।
पञ्चस्वापत्सु नारीणां पतिरन्यो विधीयते॥

नवरा बेपत्ता, मृत, संन्यासी, नपुंसक किंवा पतित, या पाच आपत्तींत दुसरा पती विहित. आणि त्याच स्मृतीच्या पहिल्या अध्यायात कलौ पाराशराः स्मृताः, म्हणजे कलियुगाला हीच स्मृती लागू. 1856 च्या पंधराव्या कायद्याची प्रस्तावना वाचा. विधवेला पुनर्विवाहाची बंदी ही रूढी आहे, पण धर्माज्ञेच्या खऱ्या अर्थाला धरून नाही, असं अनेक हिंदूंचं मत आहे, हे तिथे कारण म्हणून लिहिलेलं आहे. ज्यांच्यासाठी कायदा करायचा त्यांना ज्या पोथीची भाषा कळते त्या भाषेत बोलावं लागतं. "पोथी बाजूला ठेवा" म्हणणं ही चैन आहे, आणि ती पोथीवाल्यांनीच लढून मिळवून दिलेली आहे.

शब्दसिद्धी

विद्यासागरांचा विषय निघालाच आहे तर मूळ पाठाबद्दल बोलू. श्लोक तुम्ही "पतौ" असा दिला आहे. पति शब्दाची सप्तमी पत्यौ होते. पाणिनीचं सूत्र आहे, पतिः समास एव: पति शब्दाला घि संज्ञा (हरौ, कवौ अशी रूपं देणारी) फक्त समासात. सुट्या शब्दाला नाही. म्हणून पतौ हे रूप सुटं असूच शकत नाही. पदच्छेद "पतिते अपतौ" असा करावा लागतो, संधी होऊन पतितेऽपतौ. अवग्रह, म्हणजे ऽ हे चिन्ह, लिहिला नाही की अ दिसत नाही. अपति म्हणजे जो अजून पुरता पती झाला नाही तो, वाङ्निश्चय झालेला वर. समास असल्यामुळे अपतौ रूप निर्दोष. श्लोक वाग्दत्तेबद्दल, म्हणजे लग्न ठरलेल्या पण न लागलेल्या मुलीबद्दल आहे, विधवेबद्दल नाहीच. एका अवग्रहावर सबंध कायदा उभा केला गेला.

तळटीप

हा आक्षेप दीडशे वर्षं जुना आहे आणि तेव्हाच त्याला उत्तर मिळालं आहे. हाच श्लोक नारदस्मृतीत, बाराव्या प्रकरणात आहे. तिथे त्याच्या लगेच पुढे काय आहे?

अष्टौ वर्षाण्युदीक्षेत ब्राह्मणी प्रोषितं पतिम्।
अप्रसूता तु चत्वारि परतोऽन्यं समाश्रयेत्॥

परदेशी गेलेल्या नवऱ्याची आठ वर्षं वाट पाहावी, मूल झालेलं नसेल तर चार, मग दुसऱ्याचा आश्रय करावा. "अप्रसूता" हा शब्द वाग्दत्तेला कसा लावणार? जिचं लग्नच लागलेलं नाही तिला मूल झालं की नाही याने वाट पाहण्याची वर्षं बदलतात का? शिवाय स्मृतिग्रंथांत पाणिनीला न जुमानणारी रूपं ढिगाने आहेत. आर्ष, म्हणजे ऋषींची जुनी रूपं, म्हणून सोडून देतात. इथेच एकदम सूत्र आठवायचं कारण व्याकरण नाही.

शब्दसिद्धी

माझ्या हेतूवर घसरायची गरज नव्हती. व्याकरण काढलं की हेतू काढायचे, ही इथली नेहमीची पद्धत झाली आहे. पराशरावरचा माधवाचार्यांचा भाष्यग्रंथ तरी मान्य आहे ना? ते अवग्रहाच्या भानगडीत न पडता सांगतात की हा श्लोक दुसऱ्या युगासाठी आहे. कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध गोष्टींच्या, यादीत विधवेचा पुनर्विवाह आहे. म्हणजे व्याकरणाने नाही तर युगभेदाने, निर्णय तोच.

जुनी वाट

माधवाचार्यांचं म्हणणं मूळ स्मृतीविरुद्ध जातं. जी स्मृती "कलियुगासाठी पराशर" अशी स्वतःची ओळख देते, तिच्यातला श्लोक कलियुगाचा नाही म्हणायचं? आणि कलिवर्ज्यं येतात ती पुराणांतून. स्मृती आणि पुराण यांत विरोध आला तर स्मृती बलवत्तर. विद्यासागरांनी नेमकं हेच मांडलं.

ओवी

मघापासून वाचतेय. तीन विद्वान एका अवग्रहावर भांडताहेत आणि जिच्याबद्दल हे चाललं आहे ती बाई चर्चेतून कधीच नाहीशी झाली. मला याचा संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

जुनी वाट, पराशराचा तो श्लोक तुम्ही दिलात. त्याच्या खालचे दोन द्या ना. पहिल्यात: नवरा मेल्यावर जी ब्रह्मचर्याने राहते ती स्वर्गाला जाते. दुसऱ्यात: तिस्रः कोट्योऽर्धकोटी च यानि लोमानि मानवे, तावत्कालं वसेत्स्वर्गं भर्तारं यानुगच्छति. माणसाच्या अंगावर साडेतीन कोटी केस, तितकी वर्षं ती स्वर्गात राहील जी नवऱ्यामागे जाते. मागे जाते म्हणजे चितेवर. पुनर्विवाह, ब्रह्मचर्य, सहगमन, एका पानावर तीन वाटा आणि चढत्या क्रमाने पुण्य. विद्यासागरांनाही हे टाळता आलं नाही. त्यांना लिहावं लागलं की तिसरी वाट राजाज्ञेने बंद झाली आहे, उरल्या दोन. ती राजाज्ञा 4 डिसेंबर 1829 ची, बेंटिंकची. म्हणजे श्लोकाला माणसात ठेवण्यासाठी आधी एक कायदा लागला होता.

आणि सतीच्या बाजूने जो वेदमंत्र नाचवला गेला त्याचं काय झालं होतं? ऋग्वेद, दहावं मंडल, सूक्त 18, ऋचा 7. आ रोहन्तु जनयो योनिमग्रे. "अग्रे", आधी. सौभाग्यवती स्त्रियांनी पुढे व्हावं. त्या अग्रेचं "अग्नेः" झालं आणि बायकांना आगीत चढण्याची वेदाज्ञा तयार झाली. पुढचीच ऋचा, उदीर्ष्व नार्यभि जीवलोकं, विधवेला सांगते की ऊठ, जिवंतांच्या जगात परत ये. एक अक्षर बदललं, आणि खालची ओळ कुणी वाचली नाही. ज्या पद्धतीचं तुम्ही कौतुक करताय तिच्यात हा धोका कायमचा आहे. चांगल्या माणसाच्या हातात पोथी होती म्हणून निभावलं.

आता कायद्याने दिलं काय ते पाहा. 1856 च्या कायद्याचं कलम 2: पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला, जणू ती मेली. जिथे पूर्वीपासून पाट लागत होता, मोहोतर होत होतं, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न रूढीनेच होत होतं, त्या जातींना पराशराची गरज कधीच नव्हती. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1896 साली ठरवलं की अशा जातींतल्या विधवेचाही हक्क पुनर्विवाहाने जातो. अलाहाबादने उलट निकाल दिला होता. म्हणजे वरच्या जातींसाठी शास्त्रातून काढलेला उपाय आपल्या प्रांतात खालच्या जातींतल्या बाईची जमीन घेऊन गेला. शास्त्राधारे केलेल्या धोरणात कोणाचं शास्त्र, हा प्रश्न आधी विचारायचा तो याच्यासाठी.

1863 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. कोणत्या स्मृतीला विचारलं होतं?

जुनी वाट

तुम्ही चिडून लिहिलंत तरी 1896 चा निकाल मला माहीत नव्हता असं समजू नका. माहीत आहे. ते कलम वाईटच होतं, आणि हक्क गमावण्याचा तो नियम 1956 च्या वारसा कायद्यापर्यंत पुरला. पण जोतीरावांच्या गृहाने जीव वाचवले, कायदा बदलला नाही. दोन्ही कामं लागतात. ब्राह्मण विधवेचं दुसरं लग्न कोर्टात टिकायला हवं होतं, तिच्या पुढच्या मुलांना औरस मानायला हवं होतं. ते 1856 ने केलं.

मसुदा

मूळ प्रश्न करावरचा होता, पण या फाट्यात त्याचं उत्तर आहे म्हणून थांबत नाही.

1891 चं संमतिवय विधेयक आठवा. कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांच्या फुलमणीचा नवऱ्याच्या शरीरसंबंधाने मृत्यू झाला, त्यावरून संमतीच्या वयाची मर्यादा 10 वरून 12 करायची होती. पुण्यामुंबईत वाद कशावर पेटला? प्रथम ऋतूनंतर गर्भाधान, म्हणजे पतिपत्नीच्या संबंधाचा संस्कार, लगेच करणं बंधनकारक आहे का. भांडारकरांनी ग्रंथ धुंडाळून बंधनकारक नाही असं दाखवलं, टिळकांनी विरोध केला. दोन्हीकडे ग्रंथ होते. मात्र 12 हा आकडा दोघांपैकी कुणाच्याही पोथीतून आला नव्हता. आगरकर तेव्हाच सांगत होते की सुधारणेला आधार बुद्धीचा घ्या, शास्त्रार्थात शिरलात की निकाल शास्त्र्यांच्या हातात जातो. 1870 साली पुण्यात शंकराचार्यांसमोर पुनर्विवाहावर रीतसर वाद झाला, तेव्हा विष्णुशास्त्री पंडितांचा, म्हणजे पुनर्विवाहाच्या बाजूचा, पक्ष पंचांच्या बहुमताने हरला. पंचांनी नाही म्हटलं की पुढे बोलायचं काय?

योगक्षेम, 127 बद्दल: हो, तो मी सोडला. व्यापाऱ्यापुरता खर्च वजा धरला आहे हे मान्य. शेतीतही दर जमिनीवर ठेवला आहे, हेही धरतो. माझं क्विंटलचं उदाहरण टोकाचं होतं. पण रास मोजूनच हिस्सा घ्यायचा, बियाणं-मजुरी वजा करून नाही, हे तुम्हालाही खोडता आलेलं नाही.

सीमारेषा

सगळी उदाहरणं एकाच धर्माची. शाहबानोवर, त्या घटस्फोटित मुस्लीम स्त्रीच्या पोटगीच्या खटल्यावर, बोलायची वेळ आली की सगळे गप्प. तिथे कुराणाच्या नावाने संसदेने निकाल फिरवला, त्याला कुणी शास्त्राधारित धोरण म्हणत नाही.

तळटीप

गप्प का बसायचं? बोलू, पण नीट बोलू.

23 एप्रिल 1985. पाच न्यायाधीशांचं घटनापीठ, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. प्रश्न पोटगीचा, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125. उच्च न्यायालयाने दिलेली रक्कम महिना 179 रुपये 20 पैसे. कलम 125 धर्म पाहत नाही, भटकंती आणि उपासमार टाळायला आहे, हे न्यायालयानेच लिहिलं. निकाल एवढ्यावर पूर्ण होत होता. पुढे जाऊन न्यायालयाने कुराणाच्या दुसऱ्या सूरेतल्या 241 आणि 242 या आयती उद्धृत केल्या आणि घटस्फोटितेची तरतूद करणं हे कुराणालाही मान्य आहे असं दाखवलं. तिथून वाद पोटगीवरून उडाला आणि "कुराणाचा अर्थ लावणारे तुम्ही कोण" यावर गेला. निकाल फिरवणारा 1986 चा कायदा त्या वादातून आला. 2001 मध्ये दानियल लतीफी खटल्यात त्याच कायद्याचा अर्थ असा लावला गेला की इद्दतच्या, म्हणजे घटस्फोटानंतर थांबण्याच्या, काळातच पुढच्या आयुष्याची पुरेशी तरतूद करून द्यायची, आणि 2024 मध्ये न्यायालयाने कलम 125 खुलं असल्याचं पुन्हा सांगितलं. फिरून तिथेच आलो, मध्ये चार दशकं गेली.

दुसरं उदाहरण 1958 चं, कुरेशी विरुद्ध बिहार. गोवधबंदीला आव्हान. न्यायालयाने हिदाया या मुस्लीम कायद्याच्या ग्रंथाचं भाषांतर उघडलं: कुर्बानी माणशी एक बकरा, किंवा सात जणांत मिळून एक गाय वा उंट. "किंवा" आहे म्हणजे गायीची सक्ती नाही, म्हणून धर्मस्वातंत्र्याचा भंग नाही. सात बकरे घेण्याची ऐपत नसलेल्याला ते "किंवा" कितपत उपयोगाचं, हा मुद्दा तेव्हाही मांडला गेला होता. ग्रंथ बदलला तरी दुखणं बदलत नाही. न्यायाधीशालाही पोथी पेलवत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी म्हणतो.

सीमारेषा

179 रुपयांचा तपशील माहीत नव्हता. आयतींशिवाय निकाल पुरा होता, हे पटलं. संसदेबद्दलचं माझं मत तेच आहे.

जुनी वाट

मग आंबेडकरांचं काय करणार? 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली. 1936 मध्ये शास्त्रांचं पावित्र्यच मोडा म्हणून लिहिलं. आणि हिंदू कोड बिलावर बोलताना घटस्फोट नवा नाही हे दाखवायला त्यांनीच कौटिल्य आणि पराशर काढले. तोच पराशर.

ओवी

काढले, पण कुठे ठेवले ते पाहा. "तुमच्याच ग्रंथांत आहे" हे आक्षेप घेणाऱ्याला उत्तर होतं. कायद्याची कारणं त्याच भाषणांत वेगळी आहेत: शूद्र म्हणून गणले गेलेले, म्हणजे लोकसंख्येतले नव्वद टक्के, यांच्यात काडीमोड रूढीनेच चालत आला आहे. त्यांनी बहुसंख्यांची वहिवाट पुढे ठेवली, श्लोक नाही. पराशर उद्या खोटा ठरला तरी बिलातलं एकही कलम हललं नसतं. योगक्षेम यांच्या टिपणातून श्लोक काढा, मग काय उरतं ते बघा.

योगक्षेम

सेस उरतो. अनुच्छेद 270 उरतो. म्हणजे टिपण सगळंच पडत नाही.

षड्भागाचं वाक्य मी मागे घेतो. 30 लाखांचं गणित दोनदा करून पाहिलं, बरोबर आहे, आणि ते मला नको असलेल्या बाजूला जातं. "अधर्म" हा शब्दही काढतो. शांतिपर्वातला श्लोक मात्र टिपणाच्या डोक्यावर ठेवणार. तो प्रमाण म्हणून नाही, राज्यकर्त्याने आळस न करता प्रजेचा योगक्षेम पाहावा हे ज्या शब्दांत मला भिडतं ते शब्द म्हणून. यावरही कुणाचा आक्षेप असेल तर असो.

तळटीप

आक्षेप नाही. फक्त त्याच्या आधीचा श्लोकही जोडा: बलिषष्ठेन शुल्केन दण्डेनाथापराधिनाम्. सहावा हिस्सा, त्यावर जकात, त्यावर गुन्हेगारांचा दंड, आणि या सगळ्याला तिथे राजाचं वेतन म्हटलं आहे. सहावा हा एकूण कर नव्हता, तीन बाबींतली एक बाब होता. आवृत्तीप्रमाणे अध्यायांक पुढेमागे होतो, तेव्हा कोणती आवृत्ती तेही लिहा.

शब्दसिद्धी

"अप्रसूता"वर विचार केला. नारदापुरतं मान्य, तिथे वाग्दत्ता बसत नाही. पराशरात ती ओळ नाही, तेव्हा पराशरापुरता अवग्रह मी सोडत नाही.